फिजिक्सचं गणित अडलं की मदत नेमकी कशाची मागायची

तुझ्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे वर्गात शिकवताना सगळं कळतं पण घरी होमवर्कची गणितं घेतली की पेन पुढे सरकत नाही, आणि कुणाला विचारावं तर एक जण अख्खं सोल्युशन लिहून हातात देतो आणि दुसरा म्हणतो ‘जरा स्वतः डोकं चालव’, मग मदत मागायची कशी आणि कुणाकडे. दुसरा म्हणजे ते ब्रेकचं गणित. गाडी २० मीटर प्रति सेकंद वेगाने चाललीये, ब्रेक मारल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो, ब्रेक मारल्यापासून ६ सेकंदांत ती किती अंतर जाईल? तुझं उत्तर ३० मीटर, पुस्तकात ४०, आणि तू विचारतोयस की पुस्तक चुकलंय का.

आधी गाडीचं बघू, कारण त्यातूनच पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर निघतं.

पुस्तक बरोबर आहे. आणि गंमत म्हणजे तुझी आकडेमोडही बरोबर आहे. तू काय केलंस ते दिसतंय, वेग गुणिले काळ म्हणजे १२०, मग अर्धा गुणिले ५ गुणिले ३६ म्हणजे ९०, वजाबाकी केली, ३० आले, संपलं. आता याच माहितीवरून ६ सेकंदांनंतरचा वेग काढून बघ. २० वजा ३०, म्हणजे उणे १०. उणे म्हणजे उलट्या दिशेने. म्हणजे तुझ्या उत्तरात गाडी थांबली आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरच असताना ती आपोआप रिव्हर्समध्ये यायला लागली आणि १० मीटर मागे आली! समीकरणाला हे चालतं, त्याला गाडी काय, ब्रेक काय, काही माहीत नसतं, त्याला तू सांगितलंस की ६ सेकंद त्वरण तेवढंच आहे आणि त्याने ते खरं मानलं. प्रत्यक्षात ४ सेकंदांतच गाडी थांबते, तोवर ती ४० मीटर गेलेली असते आणि उरलेले २ सेकंद ती तिथेच उभी असते. म्हणून ४०.

इथेच बरेच जण ‘अच्छा, थांबण्याचा वेळ आधी काढायचा’ असं वहीत लिहून मोकळे होतात, आणि पुढच्याच गणितात माती खातात. कारण पुढचं गणित असतं २५ मीटर उंच इमारतीच्या टोकावरून २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकलेल्या चेंडूचं, तो जमिनीवर किती वेळाने पडेल (जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, १० धर). चेंडूही वर जाऊन क्षणभर थांबतो, पण इथे थांबण्याची वेळ वेगळी काढायची काहीच गरज नाही, सरळ एकच समीकरण लावायचं. वरची दिशा अधिक धर, विस्थापन उणे २५, म्हणजे उणे २५ बरोबर २० टी वजा ५ टी वर्ग. सोडवलं की टी च्या दोन किमती येतात, ५ आणि उणे १. उत्तर ५ सेकंद. मग गाडीला जे चाललं नाही ते चेंडूला कसं चाललं? कारण चेंडू वर थांबला तरी गुरुत्वाकर्षण थांबत नाही, त्याच दिशेने तितकंच ओढत राहतं, म्हणजे त्वरण सगळा वेळ खरंच एकसारखं आहे. गाडीच्या बाबतीत घर्षण फक्त गती रोखायचं काम करतं, गाडी थांबली की त्याचं ते काम संपलं, त्वरण शून्य. फरक सूत्रात नाहीये, बल कुठून येतंय त्यात आहे.

आणि ते उणे १ सेकंद खोडून टाकू नकोस लगेच, त्यालाही अर्थ आहे. हाच चेंडू जर जमिनीवरून १ सेकंद आधी ३० मीटर प्रति सेकंदाने वर फेकला असता तर तो इमारतीच्या टोकापाशी बरोबर २० च्या वेगाने वर जाताना दिसला असता. आणि खाली पडतानाचा वेग काढ, तोही ३० च येतो. असं काही जुळलं की मला आजही बरं वाटतं, तुलाही वाटेल.

तिसरा प्रकार या दोघांच्या मधला. खडबडीत उतारावर एक ठोकळा १० मीटर प्रति सेकंदाने वर ढकलून दिलाय, उताराच्या कोनाचा साइन ०.६, कॉस ०.८, घर्षणांक ०.५ (स्थितिक गतिक दोन्ही तेवढाच समज), जी १०. वर जाताना गुरुत्वाचा उताराच्या दिशेतला भाग आणि घर्षण दोन्ही मागे ओढतायत, गुरुत्वाचे ६ (१० गुणिले ०.६) अधिक घर्षणाचे ४ (०.५ गुणिले १० गुणिले ०.८), त्वरण १०. म्हणजे १ सेकंदात थांबला, ५ मीटर वर गेला. आता थांबल्यावर काय? गुरुत्व ६ ने खाली खेचतंय, घर्षण आता उलट दिशेला लागणार आणि जास्तीत जास्त ४ च रोखू शकतं, म्हणजे ठोकळा खाली येणार, पण त्वरण २ ने. खाली यायला साधारण २.२४ सेकंद लागतात आणि पायथ्याशी वेग ४.४७, सुरुवातीच्या १० पेक्षा निम्म्याहूनही कमी. घर्षणांक ०.८ असता तर तो वरच अडकून बसला असता, गाडीसारखा. ही तीन गणितं एकाच पानावर शेजारी शेजारी सोडव, तुझ्या पुस्तकातली या धड्यातली बरीचशी गणितं याच तीन घरांत बसतात.

आता मदतीकडे. तू मला प्रश्न विचारताना तीन गोष्टी दिल्यास, मूळ गणित, तुझं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर. एवढ्यावरच मला कळलं की गाडी कुठे अडली (शब्दशः!). फक्त ‘ब्रेकचं गणित येत नाही, समजावा’ असं म्हणाला असतास तर मीही सूत्र लिहून सगळं सोडवून दिलं असतं, तू ‘हो हो कळलं’ म्हणाला असतास आणि थांबण्याचा मुद्दा कदाचित निघालाच नसता. म्हणजे दोष सोल्युशन लिहून देणाऱ्याचाच नसतो, त्याला दुसरं काही करायला तू जागाच ठेवलेली नसते. विचारताना गणित पुस्तकात जसं आहे तसं पूर्ण दे, स्वतःच्या शब्दांत नको, कारण ‘विरामावस्थेतून’, ‘गुळगुळीत’, ‘एकसमान वेगाने’ असे छोटे शब्दच तू गाळतोस आणि अर्धं गणित त्यातच असतं. एकसमान वेग म्हणजे एकूण बल शून्य, हे एका शब्दात सांगितलेलं असतं. मग तू काढलेली आकृती, मग तू जिथपर्यंत पोचलास त्या ओळी, आणि शेवटी एक वाक्य, ‘या ओळीनंतर मला हे कळत नाहीये’. हे एक वाक्य लिहायला बसलास की निम्म्या वेळा तुझं तुलाच उत्तर सापडतं, खरंच सांगतो.

आकृती काढलीच नाहीये असं म्हणू नकोस. बलांच्या गणितात एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एका वस्तूवर लागणाऱ्या बलांची आकृती) नसेल तर मी पुढे बघतच नाही, विद्यार्थी कितीही हुशार असो. वस्तू एक ठिपका, तिच्यावर कोण कोण बल लावतंय तेवढेच बाण, वस्तू दुसऱ्यांवर लावते ते नाही. प्रत्येक बाणाला विचार, ‘तुला लावतंय कोण?’ पृथ्वी, जमीन, दोरी, हात, स्प्रिंग, काहीतरी नाव आलं पाहिजे. नाव येत नसेल तर तो बाण खोटा. गोल फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारं ‘अभिकेंद्री बल’ म्हणून जो वेगळा बाण मुलं काढतात तो इथेच पकडला जातो, कारण ते लावणारा वेगळा असा कुणी नसतोच, दोरीचा ताण किंवा घर्षण किंवा गुरुत्व यांनाच त्या दिशेत मिळून ते नाव दिलेलं असतं.

उत्तर जुळत नसेल तर कुणालाही विचारायच्या आधी माझी एक जुनी सवय वापरून बघ, शिकवताना रोज कामाला येते. तुझं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर यांचा भागाकार कर. हा एक आकडा बरंच बोलतो. २ किंवा अर्धा आला तर कुठेतरी अर्धा गुणायचा राहिलाय किंवा व्यास आणि त्रिज्या यांची गल्लत झालीये (क्षेत्रफळात गल्लत असेल तर ४ येतो). ३.६ आला तर किलोमीटर प्रति तासाचं मीटर प्रति सेकंद केलेलं नाहीस, ७२ म्हणजे २०, हे करायचंच असतं. ९.८ किंवा १० आला तर किलोग्रॅम आणि न्यूटन एकच समजलास, वस्तुमान आणि वजन. १.७३ आला तर ३० अंशाच्या कोनात साइनच्या जागी कॉस टाकलास किंवा उलटं. १.०२ च्या आसपास आला तर चूकच नाही, तू जी १० धरलास आणि त्यांनी ९.८, पुढे जा. १०००, १००, १०,००० असं आलं तर ग्रॅम, सेंटीमीटर, चौरस सेंटीमीटर. फक्त चिन्ह उलटं असेल तर दिशा. आणि उत्तर अगदीच विचित्र असेल, कोन असलेल्या गणितात बल उणे वगैरे, तर आधी कॅल्क्युलेटरवर साइन ३० दाबून बघ, ०.५ आलं तर ठीक, उणे ०.९८८ आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे आणि तासभर तू स्वतःला उगाच शिव्या घालत होतास.

तुझ्या गाडीच्या गणितात भागाकार येतो ०.७५. हा यातल्या कशातच बसत नाही. असं झालं की समजायचं की चूक आकड्यांत नाही, विचारात आहे, आणि आता खरंच कुणाकडे तरी जायची वेळ झाली.

अजून दोन जागा सांगतो जिथे जवळपास सगळेच अडतात. पहिली घर्षण. २ किलोचा ठोकळा, घर्षणांक ०.४, जी १०, तू ५ न्यूटनने ढकलतोयस, घर्षण किती? मुलं सूत्रात टाकतात, ०.४ गुणिले २०, ८ न्यूटन, मग ५ वजा ८, उणे ३, भागिले २, त्वरण उणे दीड, आणि ठोकळा ढकलणाऱ्याच्याच अंगावर यायला लागतो. ८ ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे, लागणारं घर्षण नाही. तू ५ ने ढकललंस तर घर्षण ५, ३ ने ढकललंस तर ३, ठोकळा जागेवर.

दुसरी लिफ्ट. ६० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट खाली चाललीये आणि २ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने तिचा वेग कमी होतोय, काटा किती न्यूटन दाखवेल? ‘खाली’ शब्द दिसला की हात आपोआप १० वजा २ लिहितो, ४८०. पण खाली जाताना वेग कमी होतोय म्हणजे त्वरण वर आहे, १० अधिक २, ७२० न्यूटन. गतीची दिशा आणि त्वरणाची दिशा या वेगळ्या गोष्टी आहेत हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, लिफ्टमध्ये शिरलं की विसरतात. आकृतीच्या बाजूला दोन वेगळे बाण काढत जा, एक वेगाचा, एक त्वरणाचा, दोन रंगांत.

ऊर्जेच्या गणितांवर मी जास्त लिहीत नाही, तिथे एवढंच बघ की गणितात काळ दिलेला नाही आणि विचारलेलाही नाही, फक्त उंची आणि वेग आहेत, तर आधी ऊर्जेकडे जा. ५ मीटर उंच गुळगुळीत घसरगुंडीवरून खाली आल्यावर वेग १०, वाट कितीही वाकडीतिकडी असू दे आणि वस्तुमान दिलेलंही नसू दे. वस्तुमान दिलेलं नाही म्हणून गणित सोडून देणारी मुलं बघितलीत मी, अक्षर लिहून पुढे जायचं असतं, ते शेवटी कटून जातं.

आता कुणाकडे. पहिली पसंती, तुझ्याच वर्गातला कुणीतरी ज्याला हे मागच्याच आठवड्यात कळलंय. सगळ्यात हुशार मुलगा नव्हे, त्याला तुझी अडचण दिसतच नाही, तो दोन पायऱ्या गाळून बोलतो. नुकतं कळलेल्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं. हार्वर्डमध्ये एरिक माझुर नावाचे फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, त्यांच्या लक्षात आलं की आपले विद्यार्थी अवघड गणितं सोडवतात पण साध्या बलाच्या प्रश्नावर गडबडतात, मग त्यांनी १९९१ च्या सुमारास लेक्चरची पद्धतच बदलली, मध्येच एक प्रश्न टाकायचा, आधी स्वतः उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं. त्याला पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात आणि ती जगभर वापरली जाते. तुम्ही दोघं तिघं मिळून हेच करू शकता, फक्त अट एक, प्रत्येकाने आपलं उत्तर आधी कागदावर लिहायचं, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर बरोबर ठरतं.

शिक्षकांकडे जाताना एकच गणित ने. दहा गणितं नेलीस तर ते बिचारे भराभरा सोडवून देणार, दुसरं काय करतील. आणि त्यांनी सोडवायला सुरुवात केली तर ‘थांबा, पुढची ओळ मी सांगून बघू का’ असं म्हणायला लाजू नकोस, शिक्षकांना हे फार आवडतं, न आवडणारा विरळा.

ॲप आणि एआय. वापरतोसच, मग नीट वापर. गणिताचा फोटो टाकून उत्तर घेणं म्हणजे त्या सोल्युशन लिहून देणाऱ्या मित्राचीच पुढची आवृत्ती. त्यापेक्षा तुझ्या ओळी टाईप कर आणि सांग, ‘उत्तर देऊ नकोस, माझी पहिली चुकीची ओळ कुठली ते सांग आणि एक प्रश्न विचार’. आणि ते जे सांगेल ते तपासून घे, आकृतीतले कोन आणि दिशा वाचण्यात ही मंडळी गडबड करतात आणि चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतात. तपासणं म्हणजे वर गाडीचं केलं तेच, उत्तर परत गोष्टीत टाकून बघायचं, गाडी रिव्हर्स आली का, ठोकळा अंगावर आला का.

डोळ्यांसमोर चित्रच येत नसेल तर फेट (PhET) सिम्युलेशन बघ, म्हणजे स्क्रीनवर स्वतः करून बघायचे प्रयोग, कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केलेला प्रकल्प आहे, फुकट आहे, काही सिम्युलेशन मराठीतही आहेत. घर्षण, प्रक्षेप्य गती, सर्किट हे तिघं आधी. सर्किटमध्ये तर ‘पहिल्या बल्बने करंट खाल्ला म्हणून दुसऱ्याला कमी’ हा गैरसमज ॲमीटर (करंट मोजायचं यंत्र) बल्बच्या दोन्हीकडे लावून बघितल्याशिवाय जात नाही.

मदत मिळाल्यावरचं काम मात्र तुझं एकट्याचं. सोल्युशन बाजूला ठेव, वही मिट, दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या पानावर परत सोडव. वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं, वर्गात वाटतं ना अगदी तसंच, तू जे म्हणतोस की वर्गात कळतं आणि घरी अडतं त्याचं कारण हेच. कोऱ्या पानावर अडलास तर फक्त अडलेली ओळ बघ, परत मिट. मग त्यातली एक गोष्ट बदल, गाडीला ६ च्या ऐवजी ३ सेकंद दे (३७.५ मीटर यायला हवं, आणि इथे थांबण्याचा मुद्दा लागूच होत नाही, का ते सांग), वेग दुप्पट कर आणि थांबायचं अंतर चौपट होतं का बघ.

किती वेळ स्वतः झगडायचं आणि कधी विचारायचं हे तू विचारलं नाहीस पण पुढचा प्रश्न तोच असणार. माझा हिशोब वेळेचा नाही. आकृती झाली, दिलेलं आणि काढायचं लिहून झालं, कुठलं तत्त्व लागेल याचे दोन अंदाज लिहून झाले, दोन्ही करून बघितले, तरी नाही, मग विचार. हे कधी पाच मिनिटांत होतं कधी अर्ध्या तासात. नुसतं पान बघत बसलेला वेळ यात धरायचा नाही. आणि हे सगळं पेनाने कर, चुकलेलं खोडू नकोस, एक आडवी रेघ मार आणि खाली परत लिही, कारण ज्याच्याकडे तू वही घेऊन जाशील त्याला सगळ्यात जास्त उपयोग त्या रेघ मारलेल्या ओळींचाच होतो.